मण कुठला? साल कोणतं?

दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी रात्री मी एक छोटंसं ॲप लिहिलं. तोळे, मासे, गुंजा, शेर, मण, खंडी, काहीही टाका. समोर ग्रॅम-किलोत उत्तर. सगळा कोड मिळून शंभर ओळींचाही नव्हता. त्यातली मुख्य ओळ होती एक कॉन्स्टंट: एक मण बरोबर ३७.३२४२ किलो. दशांश चिन्हानंतरचे चार आकडे बघून माझं मलाच भारी वाटलं. ग्रुपवर लिंक टाकली. अंगठे आले, टाळ्या आल्या. आमच्यातला एक मित्र मोडी शिकतो, जुनी कागदपत्रं वाचत बसतो. त्याचा एवढाच मेसेज आला: ‘कुठला मण?’

मला वाटलं, चेष्टा करतोय. मण म्हणजे मण. किलो घेताना ‘कुठला किलो’ असं कुणी विचारतं का?

त्याला मी तेव्हा एक हसरा इमोजी पाठवून विषय संपवला होता. तो संपला नाही. त्या दोन शब्दांमुळे आमच्या घरातला, केव्हाच मिटला असं सगळे समजत होते तो एक व्यवहारही पुन्हा उघडला. त्यावर येतोच. आधी भांडण सांगतो, कारण भांडण आहे आणि ते माझ्यासारख्यांशीच आहे: जुन्या मापांसमोर ‘बरोबर’चं चिन्ह टाकून एक आकडा लिहिणाऱ्या प्रत्येकाशी. तक्ते बनवणारे, रील बनवणारे, कादंबरीच्या तळटिपेत ‘एक शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम’ असं लिहून मोकळे होणारे. तीन अंकी ‘सुमारे’ मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

३७.३२४२ हा आकडा कुठून येतो, ते मी ॲप लिहून झाल्यावर शोधलं. (हो, नंतर. आम्ही असेच असतो.) १८३३ साली बंगाल प्रांतात ईस्ट इंडिया कंपनीने सातवं रेग्युलेशन काढलं. रुपयाचं वजन १८० ट्रॉय ग्रेन, तोच तोळा. ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. गुणाकार करा: ५,७६,००० ग्रेन. ट्रॉय पौंड असतो ५,७६० ग्रेनचा. म्हणजे मण झाला बरोबर १०० ट्रॉय पौंडांचा. इतकं गुळगुळीत उत्तर बाजारात आपोआप तयार होत नाही, ते बसवावं लागतं. या सुधारणेत कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेपचा हात होता. अशोकाची ब्राह्मी लिपी वाचली तोच हा प्रिन्सेप. काम चोख होतं, याबद्दल वाद नाही. पण ते होतं कलकत्त्याचं, आणि १८३३ चं. ते चार दशांश म्हणजे एका कायद्याची अचूकता आहे. आपण मात्र ती मणाची अचूकता समजतो आणि हा कायदा खुशाल सतराव्या शतकातल्या रायगडाला लावतो.

इंग्रजी कारभारातच मुंबईचा मण २८ पौंडांचा होता, म्हणजे १२.७ किलो. मद्रासचा २५ पौंडांचा, ११.३४ किलो. खुद्द बंगालमध्ये कंपनीच्या वखारीचा मण पावणेपंच्याहत्तर पौंडांच्या आसपास आणि बाजारातला मण ८२ पौंडांच्या वर. एकाच गावात दोन मण, आणि त्यांत दहा टक्क्यांचा फरक. शेराचंही तेच. मुंबईचा मणही चाळीस शेरांचाच, पण तिथला शेर ३१७.५ ग्रॅमचा, बंगालचा ९३३ ग्रॅमचा. जवळपास तिप्पट. तुमच्या पणजीच्या वहीत ‘शेरभर साखर’ लिहिलं असेल आणि तुम्ही माझं ॲप वापरलं असतंत, तर त्या लाडवांचं काय झालं असतं?

आता मोठ्या गोष्टीकडे येतो. इथे काही जणांना राग येईल हे मला माहीत आहे.

शिवछत्रपतींचं सिंहासन बत्तीस मण सोन्याचं होतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. याचा आधार आहे सभासद बखर. कृष्णाजी अनंत सभासदाने ती राजाराम महाराजांच्या काळात, १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिली. बखरीत आहे ते मणात आहे. किलोत नाही, असूच शकत नाही. पण आपल्या फोनवर येतं ते किलोत. एका फॉरवर्डमध्ये १४४ किलो. दुसऱ्यात ‘जवळपास १२०० किलो’. दोन्हींखाली भगवा झेंडा, दोन्हींखाली ‘अभिमान असेल तर शेअर करा’. आणि मी असे लोक पाहिलेत ज्यांनी एकाच महिन्यात दोन्ही शेअर केले.

१४४ ला ३२ ने भागलं तर मण साडेचार किलोचा पडतो. कलकत्त्याच्या मणाने बत्तीस मण म्हणजे ११९४ किलो. मुंबईच्या मणाने ४०६. मद्रासच्या मणाने ३६३. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, म्हणून १४४ किलो सोनं साडेसात लिटरच्या जागेत मावतं. आंघोळीची अर्धी बादली. ११९४ किलोला जवळपास ६२ लिटर लागतात, म्हणजे चार बादल्या. अर्धी बादली सोनं लाकडावर पत्र्यासारखं चढवता येतं. चार बादल्या सोनं हा वेगळाच प्रकार आहे. त्याचं आसन वेगळं, त्याचे पाय वेगळे, ते गडावर चढवायला माणसं किती लागली असतील तो हिशेब वेगळा. म्हणजे किलोचा आकडा निवडताना आपण नुसतं एकक बदलत नाही, आख्खं सिंहासन बदलतो. आणि हे आपण बखरीच्या नावाने करतो, जिने बिचारीने किलो उच्चारलेलाही नाही.

शिवाय बत्तीस हा आकडाही आपल्या परंपरेत नुसता मोजलेला आकडा असेलच असं नाही. सिंहासनबत्तिशी आठवा. बत्तीस लक्षणं आठवा. हे म्हटलं की काही जण लगेच ‘म्हणजे सिंहासन नव्हतं म्हणतोस का?’ म्हणून अंगावर येतात. नाही म्हणत. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन प्रत्यक्ष रायगडावर हजर होता. सोहळ्याचं वर्णन त्याने लिहून ठेवलंय. माझं म्हणणं इतकंच की ‘बत्तीस मण’ हे सभासदाचं विधान आहे आणि ‘१४४ किलो’ हे तुमचं. त्याची जबाबदारी तुम्ही घ्या, सभासदावर ढकलू नका.

याच ऑक्झिंडेनच्या नोंदीत तुलादान आहे. महाराजांची सोन्याने तुला झाली, ती भरली सुमारे १६,००० पॅगोडा. पॅगोडा म्हणजे होन. इथे परिस्थिती मणापेक्षा बरी, कारण होन आजही हातात घेता येतात, तोलता येतात. तरी गंमत बघा. दक्षिणेतला नेहमीचा होन सुमारे ३.४ ग्रॅमचा. महाराजांनी पाडलेला शिवराई होन सुमारे २.८ ग्रॅमचा. पहिला धरला तर तुला ५४ किलोंच्या वर जाते, दुसरा धरला तर ४५ च्या आत राहते. एका माणसाच्या शरीरात साडेनऊ किलोंचा फरक, तोही आपण ‘होन’ या शब्दाचा अर्थ काय घेतो त्यावरून. आणि ज्याने लिहिलं त्याने ‘सुमारे’ लिहिलं होतं. तो शब्द आपण सगळ्यात आधी टाकून देतो.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, माहिती अपुरी आहे, जुन्या काळी प्रमाणीकरण नव्हतं, गोंधळ होता. मीही तसंच समजत होतो. मागासलेले लोक, प्रत्येक गावाचं वेगळं माप, मग दशमान पद्धत आली आणि उजाडलं. इंजिनिअरला हे आवडतं: आधी गोंधळ, मग स्टँडर्ड. कौटिल्याच्या अर्थशास्त्राने माझा हा भ्रम मोडला.

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात तोल आणि मापांचा एक अध्याय आहे. त्यात द्रोण हे धान्याचं माप दिलंय. एक द्रोण म्हणजे किती? चार उत्तरं आहेत. राजाकडे येणारा द्रोण २०० पलांचा. व्यवहारात चालणारा साडेसत्त्याऐंशी अधिक शंभर, म्हणजे १८७.५ पलांचा. वाटपासाठी, पगारापोटी द्यायचा १७५ पलांचा. आणि अंतःपुरासाठी द्यायचा १६२.५ पलांचा. पुन्हा वाचा. बरोबर साडेबारा-साडेबारा पलांनी उतरत जाणारी ही शिडी आहे. याला गोंधळ म्हणत नाहीत. हे अतिशय काटेकोर प्रमाणीकरण आहे, आणि ते कुणाच्या बाजूने आहे तेही स्पष्ट आहे. शेतकरी जेव्हा एक द्रोण भरतो आणि चाकर जेव्हा एक द्रोण घेतो, तेव्हा मधल्या मधे आठवा हिस्सा राजाच्या कोठारात राहतो. चोरी नाही, लाच नाही. शब्द तोच, माप वेगळं.

आता एखादा तक्ता ‘एक द्रोण = अमुक किलो’ असं लिहितो, तेव्हा तो नेमकं काय पुसतो? ही शिडी पुसतो. घेणारा कोण आणि देणारा कोण हे पुसतो. त्या एका आकड्यात राजा आणि चाकर सारखेच दिसायला लागतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की प्राचीन काळी फार न्याय होता.

त्याच अध्यायात सोन्याचा मासा पाच गुंजांचा आहे. आपल्याकडे सोनाराचा मासा आठ गुंजांचा: आठ गुंजा एक मासा, बारा मासे एक तोळा. आणि चांदीसाठी कौटिल्य गुंजा सोडून पांढऱ्या मोहरीकडे वळतो. अठ्ठ्याऐंशी मोहऱ्यांचा रूप्यमासा. एकच शब्द, धातू बदलला की वजन बदललं. माझ्या कोडमध्ये ‘मासा’ या नावाचं एकच व्हेरिएबल होतं.

हे सगळं दोन हजार वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून द्यावं, तर आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत धान्य तोललं जात नव्हतं, मापलं जात होतं. चिपटं, मापटं, शेर, पायली. ही भांड्यांची मापं आहेत. पायलीभर बाजरीचं वजन वेगळं, पायलीभर भाताचं वेगळं, त्याच भाताचं ओलं असताना वेगळं. म्हणून ‘एक पायली म्हणजे किती किलो’ हा प्रश्न ‘एक बादली म्हणजे किती किलो’ इतकाच अर्धवट आहे. कशाची बादली? आणि भरली कशी? मराठीत त्यासाठी शीग हा शब्द आहे. मापाच्या काठावर धान्याचा जो डोंगर उभा राहतो ती शीग. शिगोशीग भरलेली पायली आणि वरून हात फिरवून काठोकाठ सपाट केलेली पायली, या दोन्हींना पायलीच म्हणतात. घेताना शीग लावायची आणि देताना हात फिरवायचा. कौटिल्याने साडेबारा पलांत जे लिहून ठेवलं, ते इथे तळहाताने व्हायचं. मापावर शिक्का असायचा, शिगेवर कुठला शिक्का मारणार?

‘अरे पण अंदाज तर येतो ना!’ हा मला मिळणारा सगळ्यात लोकप्रिय प्रतिवाद. लोकांना नुसतं ‘बत्तीस मण’ सांगून काय कळणार, काहीतरी आकडा द्यायला नको? माझं म्हणणं: द्या. पण अंदाज हा अंदाजासारखा द्या. १४४ आणि ११९४ यांत आठपटीचा फरक आहे. मी ऑफिसात एखादं काम ‘एक दिवसात होईल’ म्हणालो आणि आठ दिवस लावले, तर माझा मॅनेजर त्याला अंदाज म्हणत नाही; तो काय म्हणतो ते इथे छापण्यासारखं नाही. आणि ‘अंदाज’ म्हणणारी माणसं आकडा मात्र कधी ‘दीडशे ते बाराशे’ असा देत नाहीत. ती १४४ देतात. अंदाजाची सवलतही हवी आणि अचूकतेचा रुबाबही हवा.

दुसरा प्रतिवाद जास्त खरा आहे: मग रूपांतर करायचंच नाही का? करायचं. आयुर्वेदात तर केल्याशिवाय गत्यंतर नाही, औषध बनवायचंय. भारत सरकारच्या आयुर्वेदिक फॉर्म्युलरीत तोळा म्हणजेच कर्ष १२ ग्रॅम धरलाय, पल ४८ ग्रॅम, प्रस्थ ७६८ ग्रॅम. हे ‘प्राचीन तोळ्याचं खरं वजन’ नाही. तो एक निर्णय आहे, उघडपणे घेतलेला, एका कामापुरता. सगळ्या घटकांना तोच लावला की घटकांचं आपसातलं प्रमाण बिघडत नाही, आणि काढ्यात ते प्रमाण महत्त्वाचं. मला असं रूपांतर शंभर वेळा मान्य आहे. जुन्या वैद्यांनाही हा प्रश्न ठाऊक होता. शार्ङ्गधर संहितेत मागध मान वेगळं आणि कालिंग मान वेगळं, असं स्पष्ट आहे. कुठलं मान, हे आधी सांगायचं आणि मग आकडा. सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात जी शिस्त आहे ती माझ्या ॲपमध्ये नव्हती.

मजा अशी की म्हणून आज एकाच पेठेत तीन तोळे नांदतात. सोनाराचा दहा ग्रॅमचा, आयुर्वेदाचा बारा ग्रॅमचा, आणि जुन्या कायद्यातला ११.६६ ग्रॅमचा.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे समजू नये, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण वेळेच्या बाबतीत आम्ही हाच धडा रडत रडत शिकलोय. ‘सकाळचे दहा’ हे कुठल्याही गंभीर सिस्टीममध्ये नुसतं साठवत नाहीत. कुठले दहा? त्यासाठी टाइमझोनचा डेटाबेस असतो, आणि त्यात नुसते देश नसतात, त्यांचा इतिहास असतो. दुसऱ्या महायुद्धात काही वर्षं भारताचं घड्याळ तासभर पुढे होतं, तेही त्यात आहे. ठिकाण आणि तारीख दिल्याशिवाय वेळ म्हणजे कचरा, हे पहिल्या वर्षीचा फ्रेशरही सांगेल. तोच फ्रेशर, म्हणजे मी, मणाला मात्र एक आकडा चिकटवतो आणि झोपायला जातो. वेळ आमच्या मीटिंगची असते, मण कुणाच्या तरी पणजोबाचा असतो; फरक बहुतेक एवढाच असावा.

उत्खनन करणारे लोक यात आमच्यापेक्षा फार शहाणे निघाले. सिंधू संस्कृतीच्या वजनांची नावं आपल्याला माहीत नाहीत, तिची लिपीच वाचता येत नाही. पण चर्ट दगडाचे घोटीव घनाकृती वजनी दगड ढिगाने सापडलेत. अभ्यासकांनी ते एकेक करून तोलले. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट अशी दुपटीची माळ दिसली, आणि त्यातल्या सोळा पटीच्या दगडाचं वजन १३.६-१३.७ ग्रॅमच्या आसपास. एक आकडा नाही, ‘आसपास’. कारण तो शेकडो दगडांतून आलेला आहे आणि दगड थोडे कमीजास्त असतातच. त्यांच्याकडे वजनं होती पण शब्द नव्हते, तर त्यांनी वजनांकडे पाहिलं. आपल्याकडे मणभर शब्द आहेत. जुन्या बाजाराच्या कुठल्याशा कोपऱ्यात गंजलेली, शिक्क्याची मापंही सापडतील. ती तोलायला कुणी जात नाही. चॅटबॉटला विचारणं सोपं. मी विचारून पाहिलं: शिवकाळातला मण किती किलोचा? एका सेकंदात उत्तर आलं, ३७.३२४२. कुणाच्या तरी ॲपमधून शिकला असेल.

आता घरचं.

माझ्या आजोबांनी १९५५ साली विहीर खणली. पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या आत्याआजीने, आपल्या पाटल्या काढून दिल्या. जोडी, सहा तोळे. आजोबांच्या वहीत ती नोंद आहे, तारखेसह, आणि पुढे ‘परत देणे’. विहिरीला पाणी लागलं. त्या पाण्यावर ऊस झाला, उसावर घर झालं, माझे बाबा शिकले, मी शिकलो. पाटल्या द्यायच्या राहिल्या. आजोबा गेले तेव्हा त्यांनी बाबांना एवढंच सांगितलं की आक्काचे सहा तोळे आहेत. बाबांनी २००४ साली नव्या पाटल्या घडवल्या, सहा तोळ्यांच्या, बहिणीच्या घरी नेऊन आत्याआजीच्या हातात दिल्या, वाकून नमस्कार केला. मी तेव्हा शाळेत होतो. घरी आल्यावर बाबांचा चेहरा आठवतो. देणं फिटलेल्या माणसाचा.

मागच्या दिवाळीत माळा आवरताना ती वही निघाली. तोवर ‘कुठला मण’ माझ्या डोक्यात पुरता शिरला होता. सहा तोळे. साल १९५५. कुठला तोळा?

इथे उत्तर पक्कं होतं. १९३९ च्या केंद्रीय कायद्याने तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता; ११.६६ ग्रॅम. किलोग्रॅम बाजारात आला तो १९५८ पासून. म्हणजे विहिरीसाठी गेलेल्या पाटल्या जवळपास ७० ग्रॅमच्या होत्या. २००४ साली सोनाराने ‘सहा तोळे’ ऐकलं आणि त्याच्या पेठेत चालतात तसे सहा तोळे घडवले: ६० ग्रॅम. त्याचं काही चुकलं नाही. बाबांचं चुकलं नाही. आजोबांनी खोटं लिहिलं नव्हतं. शब्द तोच राहिला, आणि दहा ग्रॅम सोनं त्या शब्दातून गळून गेलं. घेताना शीग, देताना हात फिरवलेला. आमच्याच घरात, आणि कुणाच्याही नकळत.

बाबांना सांगावं की नाही यात दोन आठवडे गेले. मग सांगितलं. ते बराच वेळ वही बघत बसले. मग म्हणाले, ‘तोळा दहाचाच असतो रे.’ मी त्यांना हिशेब लिहून दाखवला. ते गप्प झाले आणि उठून गुरांकडे गेले.

आत्याआजी आता नाही. तिची मुलगी, बाबांची आतेबहीण, तिला आम्ही ताईआत्या म्हणतो. हळदीकुंकवाला ती आली होती, तेव्हा बाबा घरात नाहीत असं बघून मी तिला विचारलं, त्या पाटल्या दिल्या तेव्हा तू तिथे होतीस ना?

‘होते की,’ ती म्हणाली. ‘आईने हातात घालून बघितल्या, काढल्या, परत घातल्या. म्हणाली, हलक्या लागतात गं. आम्ही म्हटलं, आई, पन्नास वर्षं झाली, तुझा हात थकलाय, तुला कसं आठवेल? मग ती काही बोलली नाही.’

मी तिला पुढचं सांगितलं नाही. ते बाबांनी सांगायचंय. ॲप मी बंद केलंय. नवं लिहितोय त्यात ठिकाण आणि साल टाकल्याशिवाय उत्तर येत नाही, आणि येतं तेव्हा ‘इतके ते इतके’ असं येतं, कुठल्या आधारावर तेही खाली दिसतं. मोडीवाला मित्र म्हणतो, असलं ॲप कुणी वापरणार नाही. बरोबर असेल त्याचं.

बाबांनी अजून काही ठरवलेलं नाही. दहा ग्रॅमचा आजचा भाव मी त्यांना सांगितलेला नाही. तो त्यांच्या फोनवर रोज सकाळी येतो.